शांबरिक: तिरकी काच, काजळी आणि नजरबंदी

रंगपट (नौपाडा)

गणपती जवळ आले की 'होलोग्राम गणपती'ची कोटेशनं फिरायला लागतात. त्यात होलोग्राम कुठेच नसतो. असते ती ४५ अंशांत लावलेली काच, बाजूच्या अंधारात लपवलेली मूर्ती किंवा स्क्रीन, आणि भाविकांना नेमक्या जागी थोपवणारा बांबूचा कठडा. २४ डिसेंबर १८६२ ला लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी याच काचेतून रंगमंचावर भूत आणलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनिअरची, १८५८ची. पण त्यांच्या मांडणीसाठी नाट्यगृहच नव्यानं बांधावं लागलं असतं. पेपरनी ती होत्या त्या रंगमंचावर बसवली आणि नाव त्यांचं झालं. त्याच्याही आधी, १५८९ मध्ये, इटलीतल्या देल्ला पोर्ता यांनी काच लावून खोलीत नसलेल्या वस्तू दाखवण्याची कृती लिहून ठेवली आहे. त्याच ग्रंथात भिंग लावलेली अंधारी खोलीही आहे, जी पुढे चित्रकारांच्या कामाला आली. ग्रंथाच्या नावात 'जादू' आहे, आत एक अख्खा भाग प्रकाशशास्त्राचा.

आपल्या ठाणे जिल्ह्यात तर हे नातं नावातच सापडतं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी मुलांना हाताशी धरून १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. या खेळाचं नाव 'शांबरिक खरोलिका'. शंबर हा मायावी असुर, त्याची विद्या ती शांबरी, ती येणारा तो शांबरिक. चित्र दाखवणाऱ्या कंदिलाला, म्हणजे खरोलिकेला, त्यांनी सरळ जादूगाराचं विशेषण लावलं. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचा सिनेमा आला ७ जुलै १८९६ ला, म्हणजे नंतर.

माझं म्हणणं एवढंच: सामान आणि हातोटी यांत जादू आणि कला वेगळ्या करता येत नाहीत. प्रेक्षकाला आधी काय कबूल केलंय, तिथेच फरक पडतो. पटत नसेल तर खोडून काढा, पण तपशिलासकट.

काजळी (कळवा)

कंदिलाच्या काचांबद्दल लिहितो, कारण 'हातानं रंगवायच्या' एवढ्यावर सगळे थांबतात.

पहिली अडचण रंगांची. प्रकाश चित्रावर पडत नाही, चित्रातून जातो. त्यामुळे रंग पारदर्शक हवा. प्रशियन ब्लू, क्रिमसन लेक, गॅम्बोज, बर्न्ट सिएना हे चालणारे. शेंदरी किंवा क्रोम यलो काचेवर झकास दिसतात, पडद्यावर मात्र निव्वळ काळा डाग. आजही पोस्टर कलर वापरून बघणाऱ्याची हीच फसगत होते. काचेवरचे पारदर्शक रंग घ्या. शिवाय आधी काळ्या रेषा, त्या पूर्ण वाळल्या की मगच रंग. ओल्या रेषेवरून ब्रश गेला की काळं पसरतं आणि चेहरा मळतो.

दुसरी अडचण आकाराची. ८ सेंमीचं चित्र पडद्यावर २.४ मीटर करायचं म्हणजे ३० पट. अर्धा मिलिमीटर हललेली भुवई तिथे दीड सेंमी हलते. धुळीचा कण सुपारीएवढा दिसतो. म्हणून रंगवलेल्या बाजूवर दुसरी काच ठेवून कडा कागदी पट्टीनं बंद करायच्या. १५० मिमी नाभीय अंतराच्या भिंगाला ३० पटीसाठी पडद्यापासून साधारण ४.६५ मीटर अंतर लागतं (नाभीय अंतर गुणिले ३१). चाळीतल्या खोलीत हे बसत नाही, तिथे कमी नाभीय अंतराचं भिंग घ्यावं लागतं.

तिसरी, हलणारं चित्र. रामानं हात उचलला हे दाखवायला एकाच काचेवर दोन्ही हात रंगवतात, खालचा आणि वरचा. दुसऱ्या काचेवर फक्त काळा ठिपका, तो एका वेळी एकच हात झाकतो. काच सरकवली की दुसरा हात झाकला जातो आणि पहिला उघडा पडतो. रंगवलेल्या बाजू समोरासमोर ठेवायच्या, नाहीतर काचेच्या जाडीमुळे ठिपका धूसर होतो आणि झाकलेल्या हाताची कड दिसत राहते. दोहोंमध्ये कागदाची पट्टी द्या, नाहीतर चार खेळांत रंग खरवडला जातो.

आता सांगा, तो काळा ठिपका चित्रकाराचा की जादूगाराचा?

रंगपट

ठिपक्याचं उदाहरण चोरून ठेवतो. 🙂 कंदिलातल्या आतल्या भिंगांबद्दलही लिहा ना.

काजळी

दिव्यापुढे दोन सपाट-फुगीर भिंगं, फुगीर बाजू एकमेकांकडे. चित्राची काच त्यांना लागून. दिव्याची प्रतिमा पुढच्या भिंगात पडली पाहिजे, एवढं साधलं की पडदा कडेपर्यंत सारखा उजळतो. ही जोडी गाळली तर मधे प्रकाशाचा गोळा आणि कोपरे काळोखे. एलईडी वापरत असाल तर दिवा लहान, एका ठिकाणी एकवटलेला घ्या. पट्टीचे एलईडी इथे उपयोगाचे नाहीत.

भुतांच्या खेळात हाच कंदील चाकांवर असायचा. १७९०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रॉबर्टसन एका पडक्या मठात हे खेळ करत. कंदील मेण लावलेल्या पडद्याच्या मागे, प्रेक्षक पुढे. आकृतीभोवतीची काच पूर्ण काळी रंगवलेली, म्हणजे चौकट दिसत नाही, भूत हवेत तरंगतं. कंदील मागे ओढला की भूत मोठं होतं आणि अंगावर आल्यासारखं वाटतं. यात दोन गोष्टी बिघडतात. अंतर बदललं की फोकस जातो. पडद्याजवळ आल्यावर भूत लहान होतं खरं, पण उजेड एकवटून जास्त झगझगीत होतं, आणि लांब गेलेली वस्तू उजळ झाली की डोळा फसत नाही. म्हणून चाकांबरोबर भिंग सरकलं पाहिजे आणि झडप मिटत गेली पाहिजे. आपण मांत्रिक नाही असं रॉबर्टसन लोकांना सांगत. लोक तरी घाबरत.

मोजपट्टी (घणसोली)

मंडळांसाठी काचेचा हिशेब.

साधी काच ४५ अंशांत सुमारे एक दशांश प्रकाश परतवते, बाकीचा आरपार जातो. म्हणून लपवलेल्या मूर्तीवर समोरच्या देखाव्याच्या निदान दहापट उजेड हवा. लोक उलटं करतात, देखाव्यावर हॅलोजन आणि मूर्तीवर एक पिवळा दिवा. मग 'काच खराब दिली' म्हणून काचवाल्याशी भांडण.

प्रतिबिंब दोन पृष्ठभागांवरून येतं, पुढच्या आणि मागच्या. दोन्ही प्रतिबिंबांतलं अंतर ४५ अंशांत जाडीच्या साधारण पाऊणपट. ५ मिमी काचेला जवळपास ४ मिमी. चार हात लांबून मूर्तीच्या बाह्यरेषेला हे खपून जातं, मुकुटाच्या नक्षीला आणि डोळ्यांना नाही.

वजन: काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. ६ मिमीची ८ बाय ६ फूट काच ६५ किलोच्या पुढे जाते. टफन्ड (भट्टीत तापवून कणखर केलेली) घेतली तर भट्टीतल्या रोलरमुळे तिला बारीक लाट असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, प्रतिबिंबात मात्र बाप्पाचं पोट हलताना दिसतं. साधी फ्लोट काच सपाट असते, पण गर्दीत फुटली तर सुरे होतात. लॅमिनेटेड घ्या, फुटली तरी तुकडे फिल्मला चिकटून राहतात. ॲक्रिलिक हलकं पडतं, पण मधे झुकतं.

कोनाडा, म्हणजे मूर्ती लपवलेली बाजू: आतून मखमल. साध्या काळ्या सॅटिनला चमक असते, तीही काचेत उमटते. मूर्ती काचेपासून ४ फुटांवर असेल तर ती काचेच्या मागे ४ फुटांवर दिसते. सिंहासन तिथेच ठेवा. इंचभर चुकलं तरी बाप्पा सिंहासनावर न बसता त्यात रुतलेले दिसतात.

माजिवडा_जंक्शन

एक बाळबोध शंका. काचेत उलट दिसतं ना? मग सोंड?

मोजपट्टी

बाळबोध अजिबात नाही, सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. डाव्या सोंडेची मूर्ती काचेत उजव्या सोंडेची होते, आणि उजव्या सोंडेचा म्हणजे कडक सोवळ्याचा असं मानणारे पहिल्याच दिवशी अध्यक्षांना गाठतात. जानवंही डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जातं, म्हणजे अपसव्य, जे श्राद्धाच्या वेळी करतात. मोदकाचा हात बदलतो. पाठीमागे 'मोरया' लिहिलं असेल तर तेही उलटं.

स्क्रीन वापरत असाल तर व्हिडिओ आडवा उलटवा, काम झालं. खरी मूर्ती असेल तर कोनाड्यात एक आरसा वाढवा, दोनदा उलटलं की सुलटं. पण मग आरशापर्यंतचं अंतरही मोजणीत धरा.

चौक (मानपाडा)

रंगपट, तुमचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण तुम्ही फक्त नजरबंदीबद्दल बोलताय. जादूचा दुसरा अर्थ कुठे गेला? फारसीतून आलेल्या 'जादू'चं नातं वेदांतल्या 'यातु'शी, म्हणजे चेटकाशी आहे, यातुधान त्यातलाच. तिथे प्रेक्षक नाही, कबुली नाही, फसवणूकही नाही. कृती केली की फळ मिळतं, एवढंच.

जवळचं उदाहरण वारली चौकाचं. डहाणू, तलासरी, जव्हार हा पट्टा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. लग्नात घरातल्या आतल्या भिंतीवर सवासिनी चौक लिहितात. 'काढतात' नव्हे, 'लिहितात'. मधे पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात पाच डोक्यांचा देव पंचशिऱ्या. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौक नसेल तर लग्न लागत नाही. आतल्या खोलीत उजेडही धड नसतो, कोणी पाहुणा चित्र बघायला येत नाही. चौक देवीला तिथे आणण्यासाठी आहे, दाखवण्यासाठी नाही. मग प्रेक्षकाच्या कबुलीचं काय करायचं?

कृतीचं सांगायचं तर शेणानं सारवलेल्या भिंतीवर गेरू, वर तांदळाच्या पिठाचं पाणी, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. कागदावर करणारे त्यात डिंक घालतात. पीठ ओलं असताना फिकं दिसतं, वाळल्यावर पांढरं खुलतं. नवशिके फिकं दिसलं म्हणून लगेच दुसरा हात मारतात आणि वाळल्यावर पोपडे सुटतात. थांबायचं असतं.

१९७०च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातून हे चित्र विधीबाहेर, कागदावर आलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हायवेवरच्या हॉटेलांच्या भिंतींवर दिसते ती बहुतेक वेळा तारपा या वाद्याभोवतीच्या नाचाची ओळ. पालघट क्वचितच. बाजारात गेली ती कला, घरात राहिली ती जादू, असं म्हणावंसं वाटतं, पण तेही जरा जास्तच सोपं होतं.

विंग (वाशी)

चौकताई, अर्धं मान्य. पण 'विधीची जादू' हा शिक्का सगळीकडे मारला तर काय होतं त्याचं उदाहरण लास्को. १९४० मध्ये फ्रान्समध्ये आदिमानवाच्या चित्रांची ही गुहा सापडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अभ्यासकांचा लाडका सिद्धांत होता की जनावर चित्रात पकडलं की शिकारीत सापडतं, चित्र म्हणजे शिकारीचा मंत्र. गुहेत सापडलेली हाडं जवळपास सगळी रेनडिअरची निघाली. भिंतींवर घोडे, रानबैल, हरणं. रेनडिअर शोधावा लागतो. जे खात होते ते रंगवलंच नाही, मग मंत्र कसला?

तुमच्या चौकाबद्दल आपल्याला माहीत आहे ते लिहिणाऱ्या बाया आजही आहेत म्हणून. विचारता येतं. गुहेत विचारायला कोणी उरलेलं नाही.

चौक

हे मान्य. सिद्धांत भिंतीवरून नव्हे, बायकांकडून यावा.

आखणी (ऐरोली)

दोन्ही बाजूंच्या मधे एक जागा आहे. मूर्तीचे डोळे.

कारखान्यात रंगकाम संपलं तरी डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती करणारा हात वेगळा. पेणला आखणी करणाऱ्याचा मान वेगळा असतो तो उगाच नाही. पांढरं, मग बुबुळ, मग बाहुली, मग पापणीची रेघ, सगळ्यात शेवटी पांढरा ठिपका. ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा. लोक आरशासारखा समोरासमोर देतात आणि नजर तिरळी होते. दुसरी चूक उंचीची. मंडळाच्या मूर्तीचे डोळे ९ फुटांवर, भाविकाचे ५ फुटांवर, अंतर १० फूट. नजर साधारण २२ अंश खाली उतरवावी लागते. टेबलावरच्या घरगुती मूर्तीसारखी सरळ नजर ठेवली तर बाप्पा सगळ्यांच्या डोक्यावरून समोरच्या बिल्डिंगकडे बघत राहतात.

हा भाग शुद्ध कसबाचा. पण श्रीलंकेत बुद्धमूर्तीचे डोळे रंगवणारा मूर्तीकडे पाठ करून, आरशात बघून रंगवतो. पहिली नजर अंगावर घ्यायची नसते. आपल्याकडे कारखान्यात असलं काही नाही. आपण ते काम पुढे ढकललंय. प्राणप्रतिष्ठेत गुरुजी दूर्वांकुरानं डोळ्यांना तूप लावतात, तेव्हा डोळे उघडले. त्याआधी ती शाडूची वस्तू आहे, टेम्पोत गवतावर आडवी येते. उत्तरपूजा झाली की पुन्हा शाडू. म्हणजे कबुली इथेही आहे, रंगपट, फक्त ती बघणाऱ्यानं नाही, बोलावणाऱ्यानं दिलेली आहे. तिला मुदतसुद्धा आहे, दीड दिवस ते अनंत चतुर्दशी.

अवांतर: 'फ्लेक्सवरचे डोळे कुठेही गेलं तरी माझ्याकडेच बघतात' यात चमत्कार नाही. सपाट चित्रातली समोर रोखलेली नजर कुठूनही तशीच दिसते. घडवलेल्या मूर्तीची तशी दिसत नाही. खरी गंमत साच्यात आहे. रिकाम्या साच्याच्या आत खोलगट चेहरा असतो. एका बाजूनं उजेड टाकून पाच-सहा फुटांवरून एक डोळा मिटून बघा, तो फुगीर दिसायला लागतो आणि आपण सरकलो की तो मान वळवतो. चेहरा आत गेलेला असू शकतो हे मेंदू मानायलाच तयार नसतो.

ठिपके (पाचपाखाडी)

पाडव्याच्या रांगोळ्यांचा विषय निघालेला नाही म्हणून. थ्रीडी रांगोळीत 'उभी' दिसणारी आकृती जमिनीवर किती ताणायची याचं गणित साधं आहे. डोळ्याची उंची भागिले (डोळ्याची उंची वजा आकृतीतल्या बिंदूची उंची), त्याला पायापर्यंतच्या अंतरानं गुणा.

डोळा १५० सेंमीवर, आकृतीचे पाय २ मीटरवर धरले तर ३० सेंमी उंचीचा बिंदू अडीच मीटरवर पडतो, ६० चा ३.३३ वर, ९० चा थेट ५ मीटरवर. म्हणजे तीन फुटी आकृतीला तीन मीटर रांगोळी. रुंदीही त्याच पटीत वाढते. डोक्याच्या जागी अडीचपट. पाय बारीक रेघेत आणि डोकं परातीएवढं काढताना हात कचरतो, तिथेच बहुतेकांचं बिघडतं.

जागेवर फुली मारा आणि मोबाईलची उंची लिहून ठेवा. कोणी १२० सेंमीवरून फोटो काढला तर उंची ऐंशी टक्क्यांवर येते, रुंदी तशीच राहते, आणि शिवाजी महाराज बुटके दिसतात. ते कोणीच खपवून घेत नाही. नुसत्या डोळ्यांना हा खेळ फोटोइतका पटत नाही. दोन डोळे जमीन सपाट असल्याचं सांगत राहतात.

रोमच्या सांत इग्नाझिओ चर्चमध्ये आंद्रेआ पोझ्झो यांनी रंगवलेलं छत आहे. सपाट कापडावर अख्खा घुमट. जमिनीवर चकती बसवलीय, तिथे उभं राहा म्हणून. चकतीवरून सरकलात की घुमट कलंडतो. जादूगार आपला कोन लपवतो, पोझ्झोनी तो फरशीत बसवून ठेवला.

मोजपट्टी

इथे काचेचं भूत वरचढ. ते खरोखर काचेमागे त्या जागी 'असतं', त्यामुळे रांग सरकत गेली तरी सिंहासनावरून हलत नाही. फक्त काचेची कड दिसता कामा नये.

विंग

फाळक्यांशिवाय हा धागा अपुरा. दादासाहेब जादूचे प्रयोग करत ते 'प्रोफेसर केळफा' या नावानं. फाळके उलटं वाचा. 🙂 पुढे ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि त्यात देव प्रकट होऊ लागले.

प्रकट होण्याची कृती फ्रान्सच्या मेलिएस यांच्याकडेही तीच. तेही जादूगार, १८८८ मध्ये त्यांनी पॅरिसचं रॉबेर-हुदँ थिएटर विकत घेतलं होतं. रंगमंचावर बाई गायब करायच्या प्रयोगात खाली वर्तमानपत्र अंथरत, जमिनीत झडप नाही हे दाखवायला. झडप असायचीच, कागद त्याच हिशेबानं बनवलेला. १८९६ मध्ये मेलिएस यांनी हाच प्रयोग कॅमेऱ्यापुढे केला. आता झडप नको, कॅमेरा थांबवला की बाई उठून जाते. तरी वर्तमानपत्र अंथरलंच आहे! युक्ती बदलली, पुराव्याचं नाटक तेच राहिलं.

मोबाईलवर करून बघायचं तर स्टँड घट्ट, फोकस आणि एक्स्पोजर लॉक, पंखा बंद, थांबणाऱ्यांच्या पायांना जमिनीवर टेप. बाहेर करत असाल तर घाई करा. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, सावली उडी मारते आणि तीच चुगली करते. जोडाच्या दोन्ही बाजूंच्या चार-पाच फ्रेम कापा. थांबताना आणि सुटताना माणसं जरा हलतातच.

रंगपट

आखणीताईंची मुदतीची गोष्ट माझ्या म्हणण्यापेक्षा पुढची आहे, ती घेतो. चौकाचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही.

हर्षाच्या 'रत्नावली'त, सातव्या शतकात, चौथ्या अंकात ऐंद्रजालिक, म्हणजे जादूगार, येतो आणि राजवाडा पेटल्याचं दाखवतो. राजा आगीत शिरतो, मग कळतं की आग नव्हतीच. म्हणजे नाटकातल्या खोट्या वाड्याला खोटी आग, आणि प्रेक्षकांना दोन्ही खोटं माहीत. तिथे कबुली कोणी कोणाला दिली, हे अजून सुटलेलं नाही.

माजिवडा_जंक्शन

सगळं टिपून घेतलं. शेवटचं एक: काचेत मूर्तीऐवजी दर्शनाला आलेल्यांचेच चेहरे दिसतात, त्याला काय करायचं?

मोजपट्टी

कठड्याच्या बाजूचे दिवे आधी बंद करा. कमानीवरची तोरणं काचेकडे तोंड करून असतील तर ती वळवा. वर आणि दोन्ही बाजूंना काळ्या कापडाची तीन फुटी झालर सोडा. मंडपाची ताडपत्री निळी असेल तर आतून काळं अस्तर, नाहीतर दुपारी सगळा देखावा निळा. काच रोज संध्याकाळी दिवे लावण्याआधी पुसा, भाद्रपदात आपल्याकडे दमटपणामुळे तिच्यावर वाफ धरते. आणि मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवण्याची पाटी लावा. कोणी वाचणार नाही, तरी लावा.